फोनने खाल्लेलं टॉयलेट

भांडुपला एक वन बीएचके बघितला. 435 चौरस फूट कार्पेट, 90 लाख, आणि हॉलच्या खिडकीतून मान थोडी वाकडी केली की डोंगराचा एक तुकडा दिसतो म्हणून एजंट त्याला हिल व्ह्यू म्हणत होता. बायकोला ओटा आवडला. म्हटलं पगार वेळेवर होतो, कर्जफेडीची पत सांगणारा सिबिल स्कोअर 780 आहे, आजवर कुणाचे पैसे बुडवले नाहीत, बँक अजून काय विचारणार!

बँकेतला पोरगा माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. म्हणाला, "सर, लोन 30 ते 75 लाखांच्या मधलं असेल तर किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंत देता येतं, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे." मी मनात 72 लाख धरले आणि खुर्चीत जरा रेलून बसलो.

"हे फ्लॅटच्या हिशोबाने झालं. आता तुमच्या हिशोबाने बघू. इन हँड?"

"80 हजार."

"आम्ही निम्म्यापर्यंतच हप्ता धरतो, म्हणजे 40. दुसरा काही हप्ता चालू आहे?"

मी नाही म्हणणार तेवढ्यात त्याने स्क्रीनवरून वाचलं, "मोबाईलचा 3,000 दिसतोय."

तो नो कॉस्ट ईएमआय, म्हणजे बिनव्याजी हप्ता होता हो! पण साडेआठ टक्क्याने 20 वर्षांसाठी लाखाला साधारण 868 रुपये हप्ता बसतो, म्हणजे या 3,000 मध्ये जवळजवळ साडेतीन लाखांचं लोन उडालं. बायको गणिताची शिक्षिका, तिने तिथेच कागद पालटून भांडुपच्या रेटने भागाकार केला. "सतरा चौरस फूट. टॉयलेट गेलं." पोरगा हसला नाही, ट्रेनिंग चांगलं असावं.

मग तिचा 36 हजार पगार जोडला तेव्हा दोघांचं मिळून कसंबसं 63 लाखांपर्यंत गेलं. राहिले 27, ते आपल्या खिशातून. त्यावर 6 टक्के स्टॅम्प ड्युटी म्हणजे 5 लाख 40 हजार, रजिस्ट्रेशनचे 30 हजार, आणि यासाठी लोन मिळत नाही, रोकडा मोजायचा. फ्लॅट फक्त बाईच्या नावावर घेतला तर ड्युटीत 1 टक्का सूट असते असं पोरगा म्हणाला, तेव्हा बायकोने पहिल्यांदाच त्याच्याकडे प्रेमाने बघितलं. मी पाण्याचा ग्लास उचलला.

घरी एफडी, पीएफ, आईच्या पाटल्या असं सगळं कागदावर मांडलं. आई म्हणाली, "तुझ्या बाबांनी परळची खोली पागडीने घेतली तेव्हा कुणी पगार नाही विचारला." बरोबर आहे, पण टॉयलेट तेव्हाही नव्हतंच, गॅलरीच्या टोकाला सात बिऱ्हाडांत एक होतं.

अजून जुळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मोबाईलचे उरलेले हप्ते एकदम भरून टाकले, बँकेच्या रेकॉर्डवर यायला थोडे दिवस लागतील म्हणे. तोवर फोन वाजला की बायको स्वयंपाकघरातून ओरडते, "अहो उचला, तुमचं टॉयलेट वाजतंय!"