मेळ्यातली टॅक्सची सूट डीलरच्या खिशात का जाऊ द्यायची?

आज दुपारी भाचीनं ग्वाल्हेरच्या मेळ्यातून एका गाडीच्या कोटेशनचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "मामा, ७५ हजार वाचताहेत. आजच बुक करू?" तो कागद वाचल्यापासून डोकं तापलंय. दर थंडीत आपल्या गावात हे उघडउघड चालतं आणि आपण "मेळ्यातून गाडी घेतली" म्हणून पेढे वाटतो.

बाहेरगावच्या मित्रांसाठी थोडक्यात सांगतो. ग्वाल्हेरचा हा मेळा १९०५ सालचा, माधवराव महाराजांनी सुरू केलेला. तेव्हा तिथे गुरं विकली जायची, आता गाड्या विकल्या जातात. मेळ्यात घेतलेल्या गाडीच्या लाइफटाइम रोड टॅक्समध्ये राज्य सरकार ५० टक्के सूट देतं. गाडीचं कायमचं रजिस्ट्रेशन मात्र ग्वाल्हेर आरटीओतच व्हावं लागतं, आणि बाहेरच्या डीलरला इथलं ट्रेड सर्टिफिकेट (आरटीओकडून मिळणारा डीलरचा परवाना) घेऊन मेळ्यात प्रत्यक्ष बसावं लागतं. त्यासाठी सरकारी आदेश निघतो. तो निघायच्या आधी टॅक्स भरून रजिस्ट्रेशन करून बसलात तर सूट गेली. ही सूट सरकार आपल्या महसुलातून देतं, त्यात डीलरचा एक रुपया नाही. एवढं डोक्यात पक्कं ठेवून पुढचं वाचा.

गाडी कुठली आणि स्टॉल कुणाचा, ते लिहीत नाही. टर्बो पेट्रोल, मॅन्युअल गिअरची, पोरांना वेड लावणारी गाडी आहे. मागणी प्रचंड, वेटिंग मोठं. एक्स-शोरूम १५ लाख. टॅक्स दीड लाखाच्या जागी ७५ हजार. आता त्याच कागदावरच्या खालच्या ओळी बघा. ॲक्सेसरीज पॅकेज ४८,५००. हँडलिंग आणि लॉजिस्टिक्स १२,५००. आरटीओ खर्च ९,०००, टॅक्स सोडून. इन्शुरन्स ७८,०००.

एकेक ओळ घेतो.

हँडलिंग. एक्स-शोरूम किंमत म्हणजे शोरूममध्ये उभ्या असलेल्या गाडीची किंमत. कारखान्यापासून शोरूमपर्यंतचं भाडं त्यात आलेलंच असतं. गाडी उतरवणं, धुणं, उभी करून ठेवणं हा डीलरचा धंद्याचा खर्च आहे. ही ओळ सरळ काट मारायला सांगा. "सबसे लेते हैं" हे काही उत्तर नाही. कुठल्या नियमानं घेता ते लेटरहेडवर लिहून मागा. बहुतेक ठिकाणी तिथेच ही ओळ गायब होते.

आरटीओ खर्च. खाजगी कारची रजिस्ट्रेशन फी ६०० रुपये, कर्ज असेल तर बोजा चढवायचे १,५००, स्मार्ट कार्डचे २००. झाले २,३००. वरचे ६,७०० कशाचे? नंबर प्लेटचे म्हणत असतील तर १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीची हाय सिक्युरिटी प्लेट गाडीबरोबर देणं ही कंपनीची जबाबदारी आहे. सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर भरलेल्या प्रत्येक पैशाची पावती निघते. पावतीवर जेवढं, तेवढंच द्यायचं.

ॲक्सेसरीज. भाचीला सांगितलं, "मॅडम, इस गाडी पे पॅकेज कंपल्सरी है." कुणी केलं कंपल्सरी? मॅट, मडफ्लॅप, डोअर व्हायझर, बॉडी कव्हर, टेफ्लॉन कोटिंग, अंडरबॉडी कोटिंग. यातल्या निम्म्या वस्तूंची गाडीला गरज नाही. नव्या रंगावर टेफ्लॉनचा थर फार काळ टिकत नाही, आणि आजकालच्या गाड्यांचा तळ कारखान्यातूनच गंजरोधक होऊन येतो. एक वस्तू घ्यायचीच म्हणून दुसरी गळ्यात मारणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे प्रतिबंधात्मक व्यापार प्रथा आहे, कायद्याच्या व्याख्येतच तसं लिहिलंय. बाहेरची ॲक्सेसरी लावली की वॉरंटी गेली, ही भीतीही अर्धवट खरी. मॅट आणि कव्हरनं वॉरंटीला काही होत नाही. हॉर्न, लाइट, कॅमेरा बाहेर बसवताना मूळ वायर कापली तर त्या भागाची वॉरंटी जाऊ शकते, म्हणून ते काम कपलरनं जोडणाऱ्याकडूनच करून घ्या.

इन्शुरन्स. इथे सगळ्यात सफाईनं हात मारला जातो, कारण आकडा मोठा असतो आणि कुणी फोडून बघत नाही. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी (आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा) सक्तीचा आहे, सप्टेंबर २०१८ पासून. त्याचा दर सरकारी. २०२२ च्या अधिसूचनेत १००० ते १५०० सीसीच्या कारला तीन वर्षांचे १०,६४० रुपये आणि १५०० च्या वर २४,५९६. तिथे कमी-जास्त करायला कुणालाच वाव नाही. सगळा खेळ ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या डिस्काउंटमध्ये आणि ॲड-ऑनमध्ये, म्हणजे जादा कव्हरमध्ये. गाडीची आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) एक्स-शोरूमच्या ९५ टक्के, म्हणजे इथे १४ लाख २५ हजार. तीच आयडीव्ही, झीरो डेप, रिटर्न टू इन्व्हॉइस आणि इंजिन प्रोटेक्ट हेच ॲड-ऑन टाकून भाचीनं माझ्यासमोर फोनवर दुसरं कोटेशन काढलं. ५३ हजार. कव्हर तेच आणि फरक २५ हजारांचा. बाहेरून घेतला तर कॅशलेस (गॅरेजचं बिल विमा कंपनीनं परस्पर भरणं) मिळणार नाही, असं तिला सांगण्यात आलं. साफ खोटं. कॅशलेस हे विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातल्या करारावर असतं, पॉलिसी कुणी विकली यावर नाही. पॉलिसी घेण्याआधी विमा कंपनीच्या गॅरेजच्या यादीत तुमचं वर्कशॉप आहे का, तेवढं बघा.

आता बेरीज करा. ४८,५०० अधिक १२,५०० अधिक ६,७०० अधिक २५,०००. झाले ९२,७००. सरकारनं ७५ हजार सोडले आणि कागदावर ९२ हजार चढले. मेळ्याबाहेर वाटाघाटी करून घेतली असती तर गाडी स्वस्त पडली असती! "७५ हजार वाचताहेत" म्हणणाऱ्या त्या पोरीला हे फोनवर सांगताना वाईट वाटलं. पहिल्या पगारापासून पैसे साठवतेय ती.

कोटेशनमधला टीसीएस १५ हजार मात्र खरा आहे. हा विक्रीच्या वेळीच आगाऊ घेतलेला आयकर: १० लाखांवरच्या गाडीवर १ टक्का घेतात, तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता करून मिळतो. पॅन बरोबर लिहिलाय ना बघा आणि नंतर २६एएसमध्ये (पॅनवर जमा झालेल्या कराचा आयकर खात्याचा तक्ता) दिसतोय का तपासा. लोक हे पैसे गेले समजून विसरून जातात.

आणि अजून कर्जावर आलोच नाही. भाचीनं सांगितलं होतं की कर्ज माझ्या नावावर, हप्ता मी भरणार. तरी विक्रेता तिच्या वडिलांकडे बघून विचारत होता, "सर, महिने का कितना कम्फर्टेबल रहेगा?" या प्रश्नाचं उत्तर कधीही देऊ नका, बापानंही नाही आणि लेकीनंही नाही. हप्ता एकदा सांगितलात की मुदत, दर आणि गाडीची किंमत हे तिन्ही त्या हप्त्यात बसवून देता येतात, आणि तुम्हाला वाटतं आपल्या ऐपतीत बसलं.

तिला १२ लाख, ५ वर्षं, "ओन्ली सेव्हन पर्सेंट" असं लिहून दिलंय. शेजारी बारीक अक्षरात फ्लॅट. फ्लॅट म्हणजे तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण १२ लाखांवर. वर्षाचे ८४ हजार, पाच वर्षांचे ४ लाख २० हजार, हप्ता २७,०००. घटत्या शिलकीवर, म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर व्याज धरून मांडलं तर हा दर साडेबारा टक्के पडतो. तेच १२ लाख बँकेत घटत्या शिलकीच्या ९ टक्क्यांनी घेतले तर हप्ता २४,९१०. महिन्याला २,०९० चा फरक, पाच वर्षांत १,२५,४००. आणखी एक हिशेब बघा. ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलं तरी एकूण व्याज ४ लाख २२ हजारांच्या आसपास येतं. म्हणजे फ्लॅटच्या सापळ्यात पाच वर्षांतच सात वर्षांचं व्याज भरायचं. (सात वर्षं घ्या असं म्हणत नाही. ९ टक्क्यांनी पाच वर्षांत व्याज २ लाख ९४ हजारच होतं.)

डीलरकडून कर्ज घेतलं की कर्ज देणारी संस्था त्याला कमिशन देते. ते तुमच्या दरातून नाहीतर प्रोसेसिंग फीमधून निघतं. शिवाय "लोन प्रोटेक्शन" नावाची पॉलिसी न विचारता मुद्दलात मिसळतात, मग तिच्यावरही व्याज. एक हप्ता आगाऊ घेतला तर हातात आलेलं कर्ज १२ लाख नाही, ११ लाख ७३ हजार, व्याज मात्र १२ लाखांवर. यावर उपाय एकच कागद आहे: की फॅक्ट्स स्टेटमेंट. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जाला रिझर्व्ह बँकेनं तो सक्तीचा केलाय. त्यात एपीआर म्हणजे सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर द्यावा लागतो, विम्यासारखे दुसऱ्याच्या नावाचे आकारसुद्धा धरून, आणि तोही तुम्हाला समजेल अशा भाषेत. निर्णयासाठी किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. "ऑफर आज रात तक" म्हणणाऱ्याला हे दिवस आठवण करून द्या. दोन ठिकाणचे कागद शेजारी ठेवा, फक्त एपीआर बघा. मग फोरक्लोजरची अट वाचा. कार लोन बहुधा फिक्स्ड रेटचं असतं, मुदतीआधी फेडलं तर आकार लागतो, आणि काही ठिकाणी सुरुवातीचे महिने कर्ज बंदच करता येत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. मेळ्यात पाऊल टाकायच्या आधी स्वतःच्या बँकेकडून सँक्शन लेटर (कर्जमंजुरीचं पत्र) घ्या. स्टॉलवर ते खिशातच ठेवा, आधी ऑन-रोड (टॅक्स, विमा सगळं धरून) आकडा ओळीओळीनं ठरवा. ठरल्यावर सांगा की बँक माझी. "मग डिलिव्हरी लेट होईल" म्हणाले तर बुकिंगची तारीख, नंबर आणि अंदाजे डिलिव्हरीची तारीख लिहून मागा. तुमचं बुकिंग कंपनीच्या सिस्टिममध्ये चढलंय का, ते कंपनीच्या ॲपवर नाहीतर कस्टमर केअरला विचारून खात्री करा. स्टॉलवरच्या पावतीबुकातली पावती म्हणजे बुकिंग नव्हे. पैसे डीलरशिपच्या खात्यावरच भरा. विक्रेत्याच्या यूपीआयवर एक रुपयाही नको, तो कितीही गोड बोलला तरी. आणि रांगेत पुढे घालायला "ऊपर का" मागितलं तर उठून चालू लागा. त्याची पावती नसते, आणि आपण पावत्या जपून ठेवणारी माणसं आहोत.

मान्य, फार मागणीच्या गाडीवर डिस्काउंट मिळत नाही. २०२५ साली फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय आली, ५२.९९ लाख, पहिल्या १५० गाड्या किंमत जाहीर व्हायच्या आधीच संपल्या. त्याच वर्षी स्कोडाच्या ऑक्टेव्हिया आरएसच्या १०० गाड्या अशाच गेल्या. तिथे कोण कुणाला सूट देणार? पण किंमत कमी न करणं वेगळं आणि किमतीच्या वर बोजा चढवणं वेगळं. पहिलं त्याचा हक्क आहे, दुसरं नाही.

हेही मान्य की डीलरला गाडीवर फार सुटत नाही. आणि तो स्टॉलवरचा मुलगा, त्याच्यावर माझा राग नाही. थंडीत रात्री मेळा बंद होईपर्यंत उभा असतो, पगार बेताचा, बाकी सगळं टार्गेटवर. किती इन्शुरन्स, किती फायनान्स, किती पॅकेज, याचा हिशेब रोज संध्याकाळी मॅनेजर घेतो. भाची म्हणाली की निघताना त्यानं हळूच सांगितलं, "दीदी, पॅकेज हट सकता है, मॅनेजर से बोलिए." म्हणजे त्यालाही ठाऊक आहे. त्याच्याशी भांडू नका. नम्रपणे सेल्स मॅनेजरला बोलवा.

पण मॅनेजरपुढे मऊ पडू नका. हातात घासाघीस करायला बरंच असतं. रंगाचा हट्ट सोडलात तर दुसऱ्या कुणाचं रद्द झालेलं बुकिंग मिळू शकतं. महिनाअखेरीस एखाद्या गाडीसाठी टार्गेट अडलेलं असतं. जुनी गाडी द्यायची असेल तर आधी बाहेर भाव काढून ठेवा, कारण नव्या गाडीत सोडलेले पैसे जुन्या गाडीच्या भावातून काढून घेतात.

मेळ्याचा एक खास धोका लक्षात असू द्या. मेळा डिसेंबर-जानेवारीत येतो, आणि गोडाऊनमध्ये गेल्या वर्षी बनलेल्या गाड्या पडून असतात. रजिस्ट्रेशन नव्या वर्षाचं होतं, पण विकताना लोक बनावटीचं वर्ष बघतात. पूर्ण पैसे भरायच्या आणि टॅक्स भरायच्या आधी चॅसिस नंबर मागा. गाडी समोर उभी करून तो नंबर स्वतः वाचा. फॉर्म २१ वर, म्हणजे डीलरच्या विक्री दाखल्यावर, बनावटीचा महिना आणि वर्ष असतं, ते जुळवा. टायरवरचा चार आकडी शिक्का बघा, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. बॅटरीची तारीख, ओडोमीटर, दारांच्या कडांवरचा रंग, काचांवरचे शिक्के. जुन्या वर्षाची गाडी चालणार असेल तर घ्या, पण मग डिस्काउंट मागायला तुमच्याकडे भक्कम कारण आहे आणि तिथे तो मिळतोच. एकदा रजिस्ट्रेशन झालं की मात्र कुणी ऐकत नाही.

भाचीला म्हटलं, आज बुक करू नकोस. चार ओळी काटून नवं कोटेशन सही-शिक्क्यासह माग, फायनान्स आणि इन्शुरन्सच्या रकान्यात "ग्राहक स्वतः" लिहून घे. नाही दिलं तर कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल, सोबत या कागदाचा फोटो, आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार. हिंदीत बोललात तरी चालतं.

मेळा अजून सुरू आहे. कुणाला कोटेशन तपासून हवं असेल तर इनबॉक्समध्ये फोटो टाका, रात्री बसून बघतो. मोबाईल आणि पॅन नंबर झाकून पाठवा.