‘पाठांतराचा कागद’ म्हणणाऱ्या लातूरच्या सरांना उत्तर

नमस्कार सर,

आयटील म्हणजे कंपनीतल्या संगणक सेवा कशा चालवायच्या याची मांडणी. तिच्या फाउंडेशन या पहिल्या परीक्षेवरच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. ही परीक्षा म्हणजे निव्वळ पाठांतर, तीन वर्षांनी संपणारं प्रमाणपत्र म्हणजे पैसे उकळायचा धंदा, आणि मराठवाड्यातल्या पोरांनी त्यापेक्षा लिनक्स, नेटवर्किंग शिकावं. तुम्ही स्वतः नेटवर्किंगचे वर्ग घेता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पैशाचं आधी. २०२३ पासून दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, हे खरं आहे. त्यासाठी याच मालिकेतली दुसरी परीक्षा द्या किंवा सभासद होऊन शिकत राहिल्याचे गुण नोंदवत राहा, खिशाला चाट बसतेच. बाप कापूस विकून ज्याच्या पुण्यातल्या खोलीचं भाडं भरतो, त्याला हा खर्च जड आहे. त्यामुळे नोकरीआधी कर्ज काढून ही परीक्षा देऊ नका, असंच मी पोरांना सांगतो. फाउंडेशनला क्लासची सक्तीही नाही, घरी वाचून परीक्षा देता येते. क्लासवाले हे सांगत नाहीत, याचा मला राग आहे.

आता पाठांतर. ४० प्रश्न, ६० मिनिटं, २६ बरोबर आले की पास, चुकीचे गुण कापत नाहीत. परीक्षेची भाषा मातृभाषा किंवा कामाची भाषा नसेल, तर १५ मिनिटं जादा मिळतात. लातूरची पोरं हे रट्टा मारून सहज काढतील, मान्य. पण म्हणून आतला विषय पोकळ ठरत नाही.

वाळूजच्या एका कारखान्याचं उदाहरण देतो. तिथं सकाळची पाळी सुरू झाली की डिस्पॅचची बिलं छापणं अडकायचं आणि गेटवर ट्रक खोळंबायचे. सर्व्हिस डेस्कवरचा, म्हणजे संगणकाच्या तक्रारी घेणारा पोरगा सर्व्हरवरची छपाईची सर्व्हिस रीस्टार्ट करायचा, काम चालू व्हायचं, तिकीट म्हणजे तक्रारीची नोंद बंद. ठरलेल्या वेळेत तिकीट मिटलं म्हणून एसएलएचा, म्हणजे सेवा किती वेळात द्यायची या कराराचा अहवालही हिरवागार. पुढं परभणीकडची एक डिप्लोमा झालेली मुलगी तिथं लागली. तिनं जुनी तिकिटं शेजारी शेजारी लावली, तर सगळी सोमवारची निघाली. रविवारी रात्री सुरू झालेला पूर्ण बॅकअप सोमवारी उजाडलं तरी त्याच सर्व्हरवर चालू असायचा, म्हणून छपाई अडकायची.

तिनं आयटील वाचलं होतं. सेवा बंद पडली किंवा मंदावली तर तो इन्सिडंट, आणि इन्सिडंट ज्या कारणानं घडतात तो प्रॉब्लेम, हा भेद तिला पक्का ठाऊक होता. गावात डीपी जळाली की बदलून देणं वेगळं आणि तिच्यावर भार किती मोटारींचा आहे हे मोजणं वेगळं, तसंच हे. तिनं प्रॉब्लेमची वेगळी नोंद उघडली. कारण सापडलं पण अजून दूर झालं नाही, म्हणून तिच्यावर ‘नोन एरर’ असं लिहिलं आणि तोवरचा तात्पुरता उपायही तिथंच लिहून ठेवला, म्हणजे दुसऱ्या पाळीच्या माणसाला पुन्हा शोधाशोध नको. मग बॅकअपची वेळ बदलायला रीतसर चेंज, म्हणजे बदलाचा अर्ज टाकला, मंजुरी घेतली, बिघडलं तर मागं कसं यायचं तेही लिहिलं.

सर, यातला रीस्टार्ट त्या पोरालाही येत होताच. कमांड दोघांना सारख्याच येत होत्या.

ब्रिटिश सरकारच्या संगणक खात्यानं १९८०च्या दशकात ही मांडणी सुरू केली, तीही सरकारी कार्यालयांत जो तो आपल्या मनानं संगणक चालवत होता म्हणून. २०१९च्या चौथ्या आवृत्तीत ३४ प्रॅक्टिस, म्हणजे कामाच्या पद्धती आहेत. नव्या पोराला त्या सगळ्या लागत नाहीत. इन्सिडंट, प्रॉब्लेम, सर्व्हिस रिक्वेस्ट (काही बिघडलेलं नसताना केलेली नेहमीची मागणी), चेंज आणि सेवा पातळी, एवढ्या पाचांवर त्याची पहिली दोन वर्षं निघतात.

आणि आपल्या पोरांची पहिली नोकरी बहुतेक सर्व्हिस डेस्कचीच असते, मग ते हिंजवडी असो की शेंद्रा. मुलाखतीत लिनक्सच्या कमांड धडाधड सांगणारं लेकरू ‘पासवर्ड रीसेट हा इन्सिडंट की रिक्वेस्ट?’ या प्रश्नावर गप्प बसतं, तेव्हा माझा जीव तुटतो. ती रिक्वेस्ट आहे, एका वाक्यात सांगता येते. कुणी सांगितलेलंच नसतं.

त्यामुळे लिनक्स शिकवूच नका असं माझं म्हणणं कधीच नव्हतं. माझ्या मते क्रम असा असावा: आधी तुमचं नेटवर्किंग, सोबत या पाच गोष्टी फुकट आणि मराठीतून, मग नोकरी, आणि परीक्षा त्यानंतर. बऱ्याच कंपन्या परीक्षेची फी भरतात, रुजू झाल्यावर ते आधी विचारून घ्यावं.

तुमची पुढची बॅच सुरू झाली की कळवा. खरी वाटतील अशी तिकिटं घेऊन मी लातूरला येतो. कोणतं इन्सिडंट, कोणतं रिक्वेस्ट, अशी ती पोरांकडून वर्गातच वेगळी करून घेऊ, तुम्हीही सोबत बसा.