दीड मीटर केबल आणि नाल्याजवळची डीपी

तर भाऊ, तुम्ही पण शेवटी हायफायच्या नादी लागलात, बरं झालं. अँप म्हणजे अँप्लिफायर आला, स्पीकर आले, आता चार दिवसांनी "आवाजात मजा नाही बा" असं वाटायला लागलं असेल, तर घाबरू नका, पॉवर केबल घ्या. साधी नाही, अंगठ्याएवढी जाड, वरून विणलेली जाळी, दीड मीटरचे 18 हजार. म्हणजे अडीच क्विंटल कापूस गेला म्हणा, पण कापूस काय, दरवर्षी होतोच.

आता पानठेल्यावर कोणीतरी म्हणेलच की बावा, चंद्रपूरले वीज बनते, तिथून कुठल्या कुठल्या अॅल्युमिनियमच्या तारांवरून येते, 33 हजार व्होल्टच्या सबस्टेशनात उतरते, मग 11 हजारच्या लाइनवर चढते, मग नाल्याजवळच्या डीपीत, जिथं फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचे तीन पदर गुंडाळलेत आणि मागच्या पावसात एक खार चिकटली होती, तिथून वाकलेल्या पोलावरून तुह्या घरी, मग शेवटच्या दीड मीटरनं काय सोनं होते का? उत्तर देऊ नका. खर्रा घोटा, तोंडात टाका, गालातल्या गालात हसा.

स्पीकरच्या वायरीचं तर हिशेबच नको. 2.5 स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची वायर पाच मीटर टाकली तर जाऊन-येऊन तिचा विजेला अडथळा 0.07 ओम भरतो आणि स्पीकरचा 8 ओम. हा आकडा एकदा डोक्यात बसला की महागडी वायर पण साधीच ऐकू येते, म्हणून सांगतो. हां, वायरीवर बाण छापलेला असेल तर त्याचं तोंड स्पीकरकडेच ठेवा. आतला करंट सेकंदाला शेकडो वेळा मागेपुढे होतो, पण बाणाचा मान राखावा.

आणि स्वस्तातलं तर घेऊच नका. 2008 साली अमेरिकेत 82 जणांना हलके शॉक देऊन दुखण्यावरची म्हणून एकच खोटी गोळी दिली, अर्ध्यांना सांगितलं अडीच डॉलरची आहे, अर्ध्यांना 10 सेंटची. महागवाल्यांतल्या 85 टक्क्यांना आराम पडला, स्वस्तवाल्यांतल्या 61 टक्क्यांना. गोळीत औषध काहीच नव्हतं! मग 300 रुपयांच्या केबलनं कानाला आराम कुठून पडणार?

फक्त न बघता ओळखायच्या भानगडीत पडू नका. 2007 मध्ये भोंदूगिरी उघडी पाडणारे अमेरिकेतले जादूगार जेम्स रँडी म्हणाले होते, 7,250 डॉलरची स्पीकर केबल आणि साधी केबल नुसती ऐकून ओळखा, 10 लाख डॉलर घेऊन जा. ती परीक्षा काही झालीच नाही. शहाणी माणसं.

शेवटचं म्हणजे केबल घरच्यांच्या हाती लागू देऊ नका. मी मे महिन्यात लग्नाला गेलो, इकडं उंदरानं कुलरची वायर कुरतडली, 45 डिग्रीत आई किती वेळ थांबणार, तिनं वायरमनला बोलावलं. त्यानं माझ्या केबलची दोन्ही टोकं छाटून ती कुलरला जोडली आणि अँपला जुन्या कॉम्प्युटरची वायर लावून दिली. मला कळलं पंधरा दिवसांनी, तोवर मी रोज रात्री दोन मित्रांना बसवून "बघ, तबल्याची शाई कशी ऐकू येते" सांगत होतो, ते पण मान डोलवत होते.

कुलर अजून त्याच केबलवर आहे. हवेत थोडी खोली आलीय, आई पण म्हणते.