पाचवी मूठ

रविवारचा बाजार उठला होता. खासबागेत अशा वेळी रस्त्यावर कोबीची पानं नि मेथीच्या काड्या तेवढ्या उरतात, आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर आम्ही चौघं. एकमेकांना आम्ही नावानं हाक मारत नाही, गावानं मारतो. खानापूर, निपाणी, गोकाक आणि मी अथणी. 1997 साली शिकायला म्हणून बेळगावात आलो, वडगावात एका विणकराच्या माडीवर खोली घेतली, तेव्हापासूनची ही सवय. आता चौघांच्या बायकाही असंच म्हणतात.

वाद निघाला खानापूरच्या पोरावरून. पोराला पुण्यात नोकरी लागली. कॉलेजातले तिघं मित्र मिळून तिथं फ्लॅट घेतायत, चौथा म्हणून याला बोलावतायत. पोरगा म्हणतो, भाडं जास्त पडलं तरी चालेल, मी एकटा राहणार. आणि खानापूरनं होकार देऊन टाकला.

"तू हो म्हटलास?" निपाणी पायरीवरून उठलाच.

"म्हटलो की. त्याचा पगार, त्याची खोली."

"आपण चार वर्षं एका खोलीत काढली ते काय उगंच?"

"पैसे नव्हते म्हणून काढली. सहाशे भाडं, दीडशे वाट्याला. पैसे असते तर तू तरी माझं घोरणं ऐकत पडला असतास काय?"

"ऐकलो असतो!" निपाणी म्हणाला, आणि ते त्यानं इतकं मनापासून म्हटलं की खानापूर क्षणभर गप्पच झाला.

मी निपाणीच्या बाजूनं होतो. अजूनही आहे. ती खोली आठवली की मला आधी आवाज आठवतो. खाली माग चालायचे, रात्री उशिरापर्यंत खटखट. पहिले आठ दिवस झोप लागली नाही. पुढं पुढं लाइट जाऊन माग थांबले की जाग यायची. चौघंही एकदम जागे व्हायचो. अंधारात कुणीतरी म्हणायचं, "लाइट गेली बे," आणि मग तासभर गप्पा. दिवसा ज्या गोष्टी एकमेकांना सांगता आल्या नसत्या, त्या त्या काळोखात सांगून झाल्या. निपाणीच्या वडिलांचं तंबाखूचं कर्ज मला तिथंच कळलं. घरमालकीण अक्का जिन्याखालून रोज विचारायची, "ऊट आतेन?" जेवण झालं काय. आमच्यातला एकटा गोकाक कानडीत उत्तर द्यायचा, बाकीचे मराठीत "झालं अक्का". तिला दोन्ही चालायचं. न जेवता कोण झोपलंय हे तिला आवाजावरून कळायचं बहुतेक, कारण अशा रात्री वर चटणी-भाकरी यायची.

कट्ट्यावर मी मांडलं ते भाताचं. खानापूर तालुका म्हणजे पावसाचा, भाताचा. त्याला भाकरीनं पोट भरल्यासारखं वाटायचं नाही. मी अथणीकडचा, आमच्याकडं जोंधळा, मला भाताचं काही नाही. पण स्टोव्हवर रोज भाकऱ्या थापणार कोण? म्हणून रात्री भातच. आणि तांदूळ खानापूरनंच घालायचा, मुठीनं, कारण त्याची मूठ मोठी नि अंदाज पक्का. डब्यात हात घालताना तो मोठ्यानं मोजायचा. "ही निपाणीची. ही गोकाकची. ही अथणीची. ही माझी." आणि मग, न बोलता, अजून एक.

ती पाचवी मूठ कुणाची हे पहिल्या महिन्यात मी विचारलं होतं. "येईल की कोणतरी," एवढंच म्हणाला होता. खरंच यायचं. बेळगावला कोर्टाचं काम, दवाखान्याचं काम, पोरीच्या परीक्षेचं काम, सगळ्या तालुक्यांची माणसं इथंच येतात. एकदा माझे वडील आले. तारखेला उशिरा पुकारा झाला, अथणीची शेवटची गाडी चुकली, रात्री साडेनऊला जिना चढून वर. आधी कळवायची काही सोयच नव्हती. हातपाय धुऊन येईपर्यंत ताट वाढलेलं. वडील जेवले, झोपले, पहाटे उठून गेले. पुढं कितीतरी वर्षं ते गावात सांगायचे, पोरांच्या खोलीत मी जाणार हे आधीच ठाऊक होतं.

"हे मी सांगालोय ते ऐक," मी खानापूरला म्हटलं. "आपण जेवायला असणार हे आपण सांगायच्या आधी कुणीतरी मोजलेलं असतं. तुझ्या पोराला ही मूठ कोण घालणार?"

"त्याच्याकडं कुकर आहे," खानापूर म्हणाला. "वाटीवर खुणा असतात."

गोकाक तोपर्यंत चिरमुरे खात ऐकत होता. खोलीत त्याचं काम पाणी भरायचं होतं. बेळगावला पाणी राकसकोप आणि हिडकल या धरणांचं. पुढं शहराच्या काही भागांत चोवीस तास नळ आले. आमच्या वेळी काही दिवसांआड, आणि तेही रात्री कधीतरी. नळ आधी नुसता फुसफुसतो, मग थुंकतो, मग धार लागते. त्या फुसफुसण्यानं जागा होणारा चौघांत गोकाक एकटाच. हिडकलचं पाणी घटप्रभेचं, ती नदी पुढं त्याच्या गावाला जाऊन धबधबा होते. "आमचंच पाणी मधल्यामधी घेतालात, निदान भरू तरी द्या मला," असं म्हणून तो दुसऱ्या कुणाला उठवायचा नाही. सकाळी आम्ही उठायचो तर पिंप काठोकाठ, घागरी ओळीनं, आणि तो पालथा झोपलेला.

"तुला कधी राग आला नाही काय रे?" निपाणीनं विचारलं.

"आला की. पावसाळ्यात थंडीनं बोटं वाकडी व्हायची. पण खरं सांगतो, सगळे झोपलेत आणि आपण एकटेच जागे, पिंप भरत आलंय, ते मला आवडायचं." मग जरा थांबून म्हणाला, "दसऱ्याला तुम्ही मराठी लोक काय म्हणता? सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. तुम्ही राहा. आमच्याकडं बन्नीची, म्हणजे शमीची पानं देतात, बन्नी तगोंडु बंगारदंग इरोणु. इरोणु म्हणजे आपण राहूया. देणारा पण त्यात आला."

मला हे इतकी वर्षं शेजारी राहून माहीत नव्हतं. ऐकायचो, बन्नीची पानं घ्यायचो, पण त्या 'इरोणु'कडं लक्ष गेलं नव्हतं. निपाणी तर एकदम खूश. "बघ! हेच मी म्हणतोय!"

आणि तिथंच खानापूर उसळला.

"भांडी कोण घासायचं?"

कुणीच बोललं नाही.

"पाणी गोकाक भरायचा, ते सगळ्यांना आठवतंय. हिशोबाची वही अथणीकडं. निपाणी घरून काकवी आणायचा, तिचं अजून कौतुक. भांडी कोण घासायचं सांगा. तांदळाची मूठ आठवली तुम्हाला, त्या भाताचं करपलेलं पातेलं आठवत नाही. चार वर्षं मी घासलो. एकदा पण कोणी म्हटलं नाही, आज राहू दे, मी घासतो. माझ्या पोराच्या वाट्याला ते नको म्हणून मी हो म्हटलो."

मी आठवू लागलो. काकवीच्या बाटलीचं बूच आठवलं, वहीचं निळं पुठ्ठं आठवलं, पिंपावरची ताटली आठवली. मोरीपाशी उकिडवं बसलेलं कुणी आठवेना. रोज सकाळी पातेलं स्वच्छ असायचं, एवढंच. ज्यानं आम्हा चौघांना आणि न आलेल्या पाहुण्यालाही मोजलं, त्याला आम्ही मोजलं नव्हतं. हिशोबाची वही माझ्याकडं होती, पैन्‌पैचा हिशोब तिच्यात होता, आणि हे नव्हतं.

"का बोलला नाहीस?" निपाणीचा आवाज बसला होता.

"बोलून मिळालं असतं तर ते काय कामाचं?"

यावर माझं उत्तर तिथं जमलं नाही, घरी येऊन जमतंय. बोलायला हवं होतं रे. चारजणांच्या घरात मागून घेतलेलंही आपलंच असतं. पण हेही खरं की ऐकणारे आम्ही तिघं होतो आणि त्याच्या हातांची सालं निघालेली आम्हाला दिसायला हवी होती. तुझ्या पोराला एकटं राहू दे असं म्हणायला मी अजून तयार नाही. त्याला मित्रांत जाऊ दे. फक्त पहिल्याच दिवशी भांड्यांची पाळी लावायला सांग. आणि मूठ घालायला शिकव, ते तुझ्याइतकं कुणाला येत नाही.

कट्ट्यावर मात्र यातलं काहीच झालं नाही. गोकाक घड्याळ बघून उठला. त्यांच्या गल्लीत आज पाणी यायचं होतं.

निपाणीनं चहाचे चारही ग्लास उचलले, गाडीवाला "राहू दे अण्णा, राहू दे" म्हणत असताना बादलीत बुचकळले, आणि एकेक करून विसळून उपडे घातले. खानापूर बघत होता. मग त्यानं खिशातून फोन काढला.

"पोराला विचारतो," तो म्हणाला, "त्या फ्लॅटात पाणी कधी येतं ते."