टेसाने कोणाला खेळवले?

गेल्या आठवड्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एक लांबलचक संदेश फिरत आला. किशोरांसाठीच्या इंग्रजी अद्भुतरम्य प्रेमकथांमधला प्रेमत्रिकोण मुलींना बिघडवतो, असा त्याचा दावा होता आणि त्यासाठी चार कारणे दिली होती: नायिका दोन मुलांना खेळवते, तिच्यापायी मित्रामित्रांत वैर येते, शेवटी मालकी गाजवणाराच जिंकतो आणि हे सारे २००५ साली ‘ट्वायलाइट’ या कादंबरीने सुरू केले. तो वाचून माझ्या थोरल्या बहिणीने नववीतल्या लेकीची पुस्तके कपाटात कुलूपबंद केली. ती मी दिलेली होती, म्हणून हे उत्तर मलाच लिहिणे भाग आहे.

‘खेळवते’ हा शब्द मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो पुस्तकातल्या मुलीपाशी थांबत नाही. मन ठरायला वेळ घेणाऱ्या कोणत्याही खऱ्या मुलीला तो चिकटवला जातो. कुलूपबंद पुस्तकांत कॅसँड्रा क्लेअर यांची ‘द इन्फर्नल डिव्हायसेस’ ही त्रयी आहे (२०१० ते २०१३). तिचा काळ १८७८ चा, स्थळ लंडन. विल आणि जेम हे रक्ताच्या भावांहून जवळचे, शपथेने बांधलेले सोबती आहेत आणि टेसाचा जीव दोघांवरही जडतो. आपल्यावर जो प्रेम करील तो मरेल, असा शाप आपल्याला आहे या समजुतीने विल तिला क्रूरपणे दूर लोटतो. शाप खोटा होता हे कळून तो मनातले बोलायला येतो, तेव्हा तिने मरणाच्या दारात असलेल्या जेमला होकार दिलेला असतो. विलवर प्रेम असूनही ती दिलेला शब्द मोडत नाही. ज्या मुलीला एकाने स्वतः दूर सारले आणि जिने दुसऱ्याला दिलेला शब्द पाळला, तिने कोणाला खेळवले, हे संदेश लिहिणाऱ्याने पुस्तक उघडून दाखवावे.

मित्रांच्या वैराचे उत्तरही याच कथेत आहे. विलचे मन कळल्यावर जेम त्याचा द्वेष करीत नाही. आपल्या सुखासाठी विलने काय सोसले याचे त्याला दुःख होते. पुढे जेम जीव वाचवण्यासाठी दीर्घायुषी संन्याशांच्या पंथात जातो, टेसा विलशी लग्न करते, १९३७ साली विल वार्धक्याने जातो, आणि वय न वाढणाऱ्या टेसाला २००८ साली जेम पुन्हा भेटतो. इथे एकाला टाकून दुसऱ्याला उचलणे नाही.

मालकीच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने का होईना मान्य करते. ‘ट्वायलाइट’ मालिकेतल्या ‘एक्लिप्स’मध्ये (२००७) नायिका बेलाचा मित्र जेकब तिचे बळजबरीने चुंबन घेतो, त्याला ठोसा मारताना तिचाच हात दुखावतो आणि तिचे वडील जेकबचे कौतुक करतात. त्याच पुस्तकात तिने जेकबकडे जाऊ नये म्हणून तिचा प्रियकर एडवर्ड तिची गाडी बंद पाडतो. हे वाचताना मला आजही संताप येतो. पण गाडी बंद पाडणारा प्रियकर कथेत तिसरे कोणी नसतानाही तितकाच वाईट ठरला असता. दोष त्रिकोणाचा नाही, लेखिकेने त्या वागण्याला दिलेल्या माफीचा आहे. शिवाय ‘जिंकतोच’ हे सरसकट खोटे आहे. ली बार्डुगो यांच्या ‘शॅडो अँड बोन’मध्ये (२०१२) नायिकेच्या दोन प्रियकरांपैकी एक असलेला डार्कलिंग त्या अलिनाची जादुई शक्ती ताब्यात ठेवण्यासाठी तिच्या गळ्यात हरणाच्या शिंगांचे कडे अडकवतो, आणि त्रयीच्या शेवटी त्याचा अंत तिच्याच हातून होतो.

२००५ चा मुद्दा फार वेळ देण्याजोगा नाही. दमयंतीच्या स्वयंवरात चार देव नळाचे रूप घेऊन उभे होते आणि नळ ओळखून त्यालाच वरण्याचे काम तिचे होते. ही गोष्ट महाभारताच्या वनपर्वात आहे.

भाचीचे वाचन टेसाच्या त्रयीतल्या दुसऱ्या खंडाच्या मध्यावर थांबले आहे. माझ्याकडे त्या त्रयीचा आणखी एक संच आहे. तो घेऊन मी रविवारी बहिणीकडे जाणार आहे आणि लेकीचे कपाट उघडण्याआधी पहिला खंड तिने स्वतः वाचावा, असे तिला सांगणार आहे.