आत्या, मेंदू हनुवटीत नसतो

परभणीच्या आमच्या आत्याच्या खालच्या जबड्यात एकही दात उरलेला नाही. दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात रुतवायचे स्क्रू, बसवून त्यांवर कवळी अडकवायची, असं ठरलं होतं. तेवढ्यात भावकीच्या ग्रुपवर मेसेज आला : ‘इम्प्लांटचा खिळा मेंदूच्या नसेपर्यंत जातो, नजर जाते. शुगरवाल्यांना चालत नाही. पुन्हा कधी एमआरआय करता येत नाही. साधी कवळी असताना ही निव्वळ लूट आहे. दहा जणांना पाठवा.’ आत्यानं पाठवला, आणि दवाखान्यातही ‘येत नाही’ म्हणून कळवून टाकलं.

आधी तो मेंदूचा खिळा. खालच्या जबड्यातला इम्प्लांट म्हणजे साधारण 10 मिलिमीटरचा टायटॅनियमचा स्क्रू. तो वर जात नाही, खाली हनुवटीकडे जातो. मेंदू तिथं नसतो. दातांची नस वेगळी, नजरेची वेगळी. दात काढला की डोळे जातात ही भीती तर आजीच्या काळापासूनची. दात पडायचं आणि मोतीबिंदू व्हायचं वय एकच, म्हणून लोकांनी दोघांची सोयरीक जमवून टाकली.

नसेबद्दल एवढं मात्र खरं की खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते. तिला धक्का लागला तर ओठ-हनुवटी बधिर होऊ शकते. म्हणून तर आधी एक्स-रे किंवा स्कॅन काढतात. शिवाय हे दोन इम्प्लांट पुढं, सुळ्यांच्या जागी बसवतात. ती नस त्याच्या मागेच हाडाबाहेर पडते. म्हणजे धोक्याची जागा टाळूनच हा उपचार बेतलेला आहे.

‘साधी कवळी असताना’ हे लिहिणाऱ्यानं खालची कवळी घालून ज्वारीची भाकर खाऊन दाखवावी. वरची कवळी टाळूला धरून बसते. खाली टाळू नाही, जीभ सतत हलते, आणि दात गेल्यावर हाड झिजत जातं. कवळी धरणार कशाला? आत्या दोन वर्षं भाकर दुधात कुस्करून खाते, हुरड्याला हात लावत नाही. इम्प्लांटवर कवळी टिचबटणासारखी बसते आणि रात्री काढून धुता येते. 2002 साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञांनी एकमतानं सांगितलं की खालचे सगळे दात गेलेल्यांसाठी दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय असावा. नुसती कवळी नव्हे. खर्च आहे, नाकारत नाही. शिवाय बटणातल्या नायलॉनच्या चकत्या झिजतात, त्या बदलाव्या लागतात. ‘एकदा बसवा, विसरून जा’ ही जाहिरातही खोटीच. लुटीची शंका असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दुसरं मत घ्या.

एमआरआय : टायटॅनियमला चुंबक ओढत नाही. कवळी चुंबकाची असेल तर आधी सांगायचं, बस.

शुगर : आटोक्यात असेल तर इम्प्लांट बसतात. नसेल तर जखम भरायला वेळ लागतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो. पण खरे विचारायचे प्रश्न या मेसेजमध्ये नाहीतच. तंबाखू, गुटखा, मिश्री चालू आहे का? हाडं ठिसूळ झाली म्हणून इंजेक्शन घेतलंय का? त्यातल्या काही औषधांनी जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो, म्हणून हे डॉक्टरांना आधी सांगावंच लागतं.

आत्याची शुगर आटोक्यात आहे, इंजेक्शन कधी घेतलेलं नाही. पुढच्या आठवड्यात परत नंबर लावलाय. मिश्री सोड म्हणून तिला कुणी सांगायचं, यावर मात्र घरात अजून वाद चालू आहे.