पॉइंटचा भाव आधी बघा

'पॉइंट साठवा आणि एकदम मोठी वस्तू घ्या' हा क्रेडिट कार्डांवरच्या लेखातला सल्ला मला काही पटला नाही. मी दोन वर्षं साठवले. नाशिकरोडला राहतो, किराणा, लाइटबिल, पेट्रोल सगळं कार्डावर. साडेसहा हजार पॉइंट झाले, आता मिक्सर येणार म्हणून घरात चर्चा. कॅटलॉग उघडला तर एका पॉइंटला 20 पैसे! म्हणजे झाले 1300. त्यातून रिडीम करायचे, म्हणजे पॉइंट देऊन वस्तू घ्यायचे, 99 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. उरले 1183. बायको म्हणाली, ''भांडी बाजारात घासाघीस करून एवढे तर मीच सोडवले असते.'' पेट्रोलवर तर पॉइंट नव्हतेच, नुसता सरचार्ज (कार्डाने भरल्यावर लागणारा जादा आकार) माफ. हे नियम बारीक अक्षरात होते, चष्मा लावून वाचले तेव्हा कळलं.

आता साधं कॅशबॅकचं कार्ड घेतलंय, पैसे थेट बिलातून वजा होतात. शिवाय रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलंय, मिसळवाल्याकडेही चालतं. फक्त क्यूआर दुकानाचा हवा, दुकानदाराच्या स्वतःच्या खात्याचा असेल तर पैसे जात नाहीत.

हो, आणि एकदा दिवाळीत 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान रक्कम तेवढी भरून गप्प बसलो होतो. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज लागलं, वरून जीएसटी. वर्षभराचा कॅशबॅक त्यातच गेला.